पाणी नसलेली गाडी

शहरात कोठे आग लागली, की भोंग्याचा आवाज ऐकून आपण सारे रस्त्याच्या कडेला होतो. समोरून बंब जातो, त्याच्या मागोमाग पाण्याचा टँकर जातो, आणि या दोहोंच्या आगेमागे एक लहानशी लाल गाडी जाते. तिच्यात पाणी नसते, शिडी नसते, नळ्यांची भेंडोळी नसतात. नागरिकशास्त्राच्या तासाला अग्निशामक दलाची माहिती चालली असता वर्गातील एखादे तरी मूल हमखास विचारते, ‘‘ही गाडी आग विझवीत नाही, तर मग ती जाते कशाला?’’ मोठ्या माणसांजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार असते : ‘‘ती साहेबांची गाडी.’’

उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धे आहे; आणि या अर्ध्या उत्तरातच पुढील पुष्कळ चुकांचे मूळ आहे. गाडी साहेबांची म्हटली, की ती साहेबांच्या हुद्द्याला शोभेल अशी घ्यावी, हा विचार आपोआप पुढे येतो. ती आगीच्या कामाची म्हटली, तर ते काम कोणते, हे प्रथम पाहावे लागते. आगीच्या जागी हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी गाडी निवडावी ती कोणत्या कसोट्यांवर, एवढाच विषय आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु त्या गाडीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या एका शब्दावर आत गेलेल्या जवानांचे प्राण अवलंबून असतात.

प्रथम हा अधिकारी कोण, ते पाहू. अमेरिकेतील मोठ्या शहरांत काही बंबखाने मिळून एक बटालियन होते आणि तिच्या प्रमुखाला स्वतःची वेगळी गाडी असते. आपल्याकडे नावे निराळी आहेत. मुंबईसारख्या शहरात केंद्र अधिकारी, सहायक विभागीय अधिकारी, विभागीय अधिकारी अशी चढती भाजणी आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे निघाले आणि १९५७ साली नागपुरास आले. तेथे विभागीय अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालत आला आहे. आपल्या इंदुरात तर अग्निशमन दल दीर्घकाळ पोलीस खात्याच्या अखत्यारीत होते, त्यामुळे हुद्द्यांची नावेही पोलिसी होती. नाव काहीही असो, काम एकच. एकाहून अधिक बंब एका ठिकाणी आले, म्हणजे त्या सर्वांवर मिळून ज्याचा हुकूम चालतो, तो हा अधिकारी.

त्याचे काम काय? नळी हाती धरणे हे त्याचे काम नव्हे. इमारतीला चारी बाजूंनी वेढा घालून पाहणे, आग कोणत्या दिशेला सरकते आहे हे ओळखणे, कोणती तुकडी कोठे पाठवावी हे ठरविणे, आणि आत कितीजण गेले व बाहेर कितीजण आले याचा हिशेब ठेवणे, हे त्याचे काम. शाळेत आगीची कवायत घेतो तेव्हा प्रत्येक शिक्षक मैदानावरील ठरलेल्या जागी हजेरीपट घेऊन उभा राहतो. एक जरी नाव हाकेला ‘हजर’ म्हणून उत्तर देत नसेल, तरी कवायत संपली असे कोणी म्हणत नाही. अग्निशामक अधिकाऱ्याची गाडी म्हणजे त्या हजेरीपटाची जागा होय. फरक एवढाच, की शाळेत धूर नसतो आणि येथे असतो.

एका माणसाने किती माणसांवर नजर ठेवावी, यालाही मर्यादा आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात वणव्यांनी हाहाकार केला. अनेक दले मदतीस धावली, परंतु त्यांचे हुकूम वेगळे, बिनतारीची भाषा वेगळी, नकाशे वेगळे. त्या अनुभवातून एकसूत्री हुकुमाची पद्धत निर्माण झाली. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन ते सात, आणि शक्यतो पाचच प्रमुख असावेत, हे त्या पद्धतीचे एक सूत्र आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली याच धर्तीवर भारतासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कागदावर पद्धत आली. परंतु पद्धतीला उभे राहण्यासाठी जागा लागते, आणि रस्त्यावर ती जागा म्हणजे ही गाडी.

जागा नसली, किंवा हुकूम कोणाचा हे ठरलेले नसले, म्हणजे काय होते, याचे भीषण उदाहरण मुंबईचे आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जहाजात कापसाचे गठ्ठे होते आणि स्फोटकांचा प्रचंड साठा होता. बंब आले. अग्निशामक दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले, जहाजाचा कप्तान होता, गोदीचे व्यवस्थापक होते, दारूगोळ्याची जाण असलेला लष्करी अधिकारीही होता. शहाणी माणसे कमी नव्हती. परंतु जहाज तेथेच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, याचा अखेरचा निर्णय एका मुखातून बाहेर पडला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण त्या दिवशी मृत्यू पावले. १४ एप्रिल हा दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

निर्णय घेणारा जसा एकच हवा, तसा तो सर्वांना दिसतही राहिला पाहिजे. आपल्या इतिहासातच याची आठवण आहे. पानिपतच्या रणात विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ अंबारी सोडून घोड्यावर स्वार झाले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असे सांगितले जाते. आपल्या इंदूरच्या मल्हारराव होळकरांची फौजही त्या रणात होती. भाऊंच्या शौर्यात न्यून नव्हते. परंतु सरदार कोठे आहे, हे ज्या खुणेवरून सैन्य ओळखीत होते, ती खूणच हरपली. आगीच्या जागीही तसेच आहे. अधिकारी गर्दीत, धुरात, कधी या बोळात तर कधी त्या जिन्यावर असेल, तर निरोप घेऊन येणाऱ्या जवानाने त्याला शोधावे कोठे? म्हणून अमेरिकेतील अनेक दलांत हुकुमाच्या गाडीवर हिरवा दिवा लावतात. लाल दिव्यांच्या गर्दीत एकच हिरवा दिवा, म्हणजे निरोप तेथेच न्यावयाचा.

हे सारे ध्यानी घेऊन आता इंदुरातील रस्त्यांवर येऊ. कारण गाडी निवडावयाची ती कागदावरच्या शहरासाठी नव्हे. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १८०१ मध्ये, १९०८ मध्ये आणि पुन्हा १९८४ च्या दंगलीत असा तीनदा त्याने अग्निप्रलय सोसला. त्याच्या भोवतीचा सराफा, सीतलामाता बाजार, कापड बाजार, रानीपुरा, सियागंज या वस्त्या दाटीच्या. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते, की बंब आत येण्यासाठी आवाराचे प्रवेशद्वार किमान साडेचार मीटर रुंद असावे. जुन्या गल्ल्या या संहितेच्या कितीतरी आधी जन्मल्या. १९१८ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबाराला आपला अहवाल सादर केला. जुन्या वस्त्यांवरून सरसकट नांगर फिरवून रुंद रस्ते काढावेत, हे त्यांना मान्य नव्हते. थोडक्या जागी, बेताने, रहिवाशांना न उखडता सुधारणा करावी, असे त्यांचे सांगणे होते. मग ओघानेच असे ठरते, की शहर गाडीच्या मापाचे करता येत नसेल, तर गाडी शहराच्या मापाची घ्यावी. कचऱ्याच्या बाबतीत इंदूरने हेच केले. लहान गाड्या गल्लोगल्ली फिरू लागल्या, आणि २०१७ पासून ओळीने कित्येक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान आपणांस मिळाला. कचऱ्याला जे समजले, ते आगीला समजणे अवघड नाही.

म्हणून पहिली कसोटी पोहोचण्याची. १८ एप्रिल २०१७ रोजी रानीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानाला आग लागून अनेकांचे प्राण गेले. अशा बाजारात अवजड बंबाला वाट मिळेपर्यंत अधिकारी पुढे पोहोचला, तर मागून येणाऱ्या बंबांना कोणत्या तोंडाने आत यावे, हे तो आधीच सांगू शकतो. पूर्वी या कामी जीप असे. नंतर मारुतीची जिप्सी आली. १९८५ साली निघालेली ही हलकी, चपळ गाडी २०१८ मध्ये बंद झाली. सरकारी दिमाखाची ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद पडली. २००० साली आलेली महिंद्राची बोलेरो सुमारे पावणेदोन मीटर रुंद आणि आता चार मीटरांहून किंचित कमी लांब आहे, म्हणून अशा कामास ती सोयीची पडते. यांहून मोठी, उंची, ऐटदार गाडी महामार्गावर शोभेल. परंतु सराफ्यात शिरल्यावर तिला वळता आले नाही, तर ती स्वतःच अडथळा होईल. उलट पीथमपूरच्या कारखान्यांकडे धाव घ्यावयाची, तर वेगात स्थिर राहणारी गाडी हवी. म्हणजे एकाच शहरात सर्व अधिकाऱ्यांना एकाच जातीची गाडी देणेही शहाणपणाचे नाही. जुन्या शहराच्या अधिकाऱ्याला एक, बाहेरच्या पट्ट्याच्या अधिकाऱ्याला दुसरी, असा भेद येथे योग्य आहे. मात्र हा भेद कामाचा असावा, हुद्द्याचा नसावा.

दुसरी कसोटी ऐकण्याची. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी न्यूयॉर्कमध्ये पहिल्या बटालियनचे प्रमुख जोसेफ फायफर वायुगळतीच्या एका तक्रारीवरून रस्त्यावर होते. ८ वाजून ४६ मिनिटांनी विमान मनोऱ्यावर आदळताना त्यांनी पाहिले. ते गाडीत बसले आणि मनोऱ्यापाशी पोहोचण्यापूर्वी, वाटेतच, बिनतारीवरून त्यांनी जादा तुकड्या मागविल्या व कोणी कोठे जमावे ते सांगितले. हुकुमाचे काम गाडी थांबल्यावर सुरू होत नाही. ते गाडी निघताक्षणी सुरू होते. म्हणून अधिकाऱ्याने स्वतः गाडी हाकू नये. त्याला वेगळा चालक हवा, शेजारी नकाशा पाहण्यापुरता दिवा हवा, आणि दोन बिनतारी संच हवेत : एक मुख्य केंद्राशी बोलण्यासाठी, दुसरा आगीच्या जागच्या जवानांशी. इंजिन बंद असताना तासन् तास संच चालावेत म्हणून जादा बॅटरीही हवी. नाही तर ऐन वेळी संच मुका होतो आणि गाडीही सुरू होत नाही.

तिसरी कसोटी उभे राहण्याची. ही गाडी इमारतीच्या अगदी दारात लावू नये. ती जागा बंबाची आणि शिडीची. जेथून इमारतीच्या दोन बाजू एकदम दिसतील असा कोपरा धरावा, वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूस असावे, आणि इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर राखावे, कारण भिंत कोसळली तर ती तेथवर येऊ शकते. न्यूयॉर्कला त्या दिवशी दलाचे ३४३ जण गेले, आणि कोणती तुकडी कोठे आहे याची नोंद ठेवणारा फळाही ढिगाऱ्याखाली गेला. हजेरीपटच हरवला, म्हणजे कोणाला हाक मारावी हेही कळत नाही.

चौथी कसोटी लिहिण्याची. आणि येथे गाडीच्या मागच्या दाराला महत्त्व येते. वर उचलले जाणारे दार असेल, तर आषाढाच्या पावसातही त्याच्या आडोशाला फळी ओढून, इमारतीचा नकाशा पसरून काम करता येते. आडवे उघडणारे दार अरुंद बोळात वाट अडवते आणि पावसात काहीच आडोसा देत नाही. किती साधी गोष्ट! परंतु गाडीची किंमत, मायलेज आणि आसने यांची चर्चा करणाऱ्या समितीत मागचे दार उघडून पाहणारा सदस्य क्वचितच असतो. फळीवर काय असावे? आत गेलेल्या प्रत्येक जवानाच्या नावाची चकती, तो आत गेल्याची वेळ, आणि त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरात हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब.

पाचवी कसोटी स्वच्छतेची. आगीतून बाहेर आलेल्या कपड्यांना काजळीबरोबर विषारी द्रव्येही चिकटलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसाय कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला आहे. तेव्हा अधिकाऱ्याचे शिरस्त्राण, अंगरखा, श्वसनयंत्र ही सामग्री माणसे बसतात त्या जागेपासून बंद कप्प्यात, वेगळी राहिली पाहिजे. आणि जी गाडी काल आगीवर गेली, तीच आज अधिकाऱ्याच्या मुलांना शाळेत सोडावयास गेली, तर आपण त्या मुलांना काय श्वासावाटे देत आहोत, याचाही विचार केला पाहिजे. हा मुद्दा केवळ सरकारी पेट्रोलचा नाही.

येथे पुन्हा हुद्द्याच्या प्रश्नाशी येतो. गाडीवरचा दिवा हे आपल्या देशात पुष्कळ वर्षे कामाचे नव्हे, तर मोठेपणाचे लक्षण होऊन बसले होते. १ मे २०१७ पासून तो दिवा मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून उतरला. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्या तातडीच्या गाड्यांचा दिव्याचा अधिकार मात्र कायम राहिला. त्या निर्णयामागील तत्त्व सोपे होते : वाट मागण्याचा अधिकार माणसाला नाही, कामाला आहे. हेच तत्त्व दिव्याखालच्या गाडीलाही लावावे, एवढीच विनंती आहे.

‘‘अधिकारी शूर असला म्हणजे झाले, गाडीचे एवढे काय?’’ असे कोणी म्हणेल. शौर्याची वाण आपल्या दलांत कधीच नव्हती. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेच कामी आले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढे काही दिवसांतच रुग्णालयात प्राण सोडले. चार अनुभवी अधिकारी एका आगीने नेले. त्यांच्या धैर्यापुढे आपण नतमस्तकच व्हावे. त्या दिवशी काय करावयास हवे होते, हे घरी बसून सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु नागरिक या नात्याने एक प्रश्न स्वतःला विचारण्याचा अधिकार मात्र आहे : आपले अधिकारी जेथे उभे राहून सारे पाहू, ऐकू आणि मोजू शकतील, अशी जागा आपण त्यांना दिली आहे काय? ज्याच्या हाती साधन नाही, तो शूर माणूस आत धावणारच. साधन दिले, तर बाहेर उभे राहणे हेही त्याला कर्तव्य वाटेल. आणि आपली माणसे आत असताना बाहेर उभे राहणे हे आत धावण्याहून कमी कठीण नाही.

७ मे २०२२ च्या पहाटे आपल्याच विजयनगर भागातील स्वर्णबाग वसाहतीत लागलेल्या आगीत ७ जण मरण पावले. खाली उभ्या केलेल्या वाहनाला लावलेली आग झोपेत असलेल्या घराला गिळून गेली. अशी आग मिनिटांचा हिशेब मागते, आणि तो हिशेब आग लागल्यावर नव्हे, तर कित्येक महिने आधी, गाड्यांची मागणी लिहिली जाते त्या टेबलाशी सुरू होतो.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या शहरात अग्निशमन दलासाठी नवी गाडी येईल, तिला हार घातला जाईल, नारळ फुटेल, वर्तमानपत्रांत छायाचित्र येईल. त्या वेळी ती कितीला पडली एवढेच विचारू नका. ती आमच्या गल्लीत वळते काय, तिच्यात दोन संच आहेत काय, तिच्या मागच्या दारापाशी पावसात लिहिता येते काय, धुराचे कपडे ठेवण्यास वेगळा कप्पा आहे काय, आणि रात्रीच्या काळोखात जवानाला ती दुरून ओळखू येते काय, हे विचारा. उत्तरे होकारार्थी आली, तर ती गाडी खरोखर साहेबांची नव्हे, आपली आहे असे समजा. मग गल्लीच्या तोंडाशी आपले वाहन आडवे लावण्यापूर्वी तिची आठवण ठेवणे, एवढे आपल्याकडे उरते.